वाहनकर्जात न मागता जोडलेल्या सेवांविषयी आपल्या तक्रारीस उत्तर

आदरणीय ग्राहक,

आपण लिहिले आहे की गाडी घरी नेल्यानंतर तीन आठवड्यांनी कर्जाचा करार शांतपणे वाचला, तेव्हा गाडीच्या ठरलेल्या किमतीखेरीज वाढीव वॉरंटी, रंगावरील कोटिंग, कर्ज सुरक्षा विमा आणि रस्त्यावरील मदतीची योजना अशा चार गोष्टींची रक्कम मुद्दलात मिळवलेली आढळली. त्याबद्दल विचारले असता आमच्याकडून "हप्त्यात फारसा फरक पडत नाही" आणि "विमा घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही" एवढीच उत्तरे मिळाली, असेही आपण नमूद केले आहे. मी आपली फाईल स्वतः वाचली आणि त्या दिवशी आपल्याशी बोललेल्या विक्री प्रतिनिधीकडे सविस्तर विचारणा केली. आपली तक्रार खरी आहे. या शोरूमचा मालक म्हणून मी आपली क्षमा मागतो.

कर्ज सुरक्षा विम्याची अट कर्जसंस्थेच्या मंजुरीपत्रात कोठेही नाही. तो विमा ऐच्छिक होता आणि आपल्याला तो सक्तीचा आहे असे सांगितले गेले. ही चुकीची माहिती आमच्याच टेबलावरून गेली. रस्त्यावरील मदतीची योजना तर त्याहून खटकणारी आहे, कारण पहिल्या वर्षासाठी तीच सेवा उत्पादकाकडून गाडीसोबत मिळते. म्हणजे जे आपल्याकडे आधीपासून होते, तेच आम्ही आपल्याला पुन्हा विकले, आणि तेही कर्जाने.

हप्त्यात फरक पडत नाही, या वाक्याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. आपल्याला दिलेल्या कोटेशनमध्ये परतफेडीची मुदत ६० महिने होती आणि करारात ती ७२ महिने झाली आहे. हप्ता जवळजवळ तोच राहिल्यामुळे हा बदल आपल्या लक्षात आला नाही, आणि तो स्पष्टपणे दाखवून देणे हे आमचे काम असूनही आम्ही ते केले नाही. उदाहरणादाखल वार्षिक १० टक्के व्याजदर धरला, तर ६० महिन्यांसाठी १०० एकक कर्जाला जो हप्ता बसतो, त्याच हप्त्यात ७२ महिन्यांसाठी सुमारे ११५ एकक कर्ज बसते. मुद्दल १५ टक्क्यांनी वाढले तरी महिन्याला भरायची रक्कम हलत नाही. मात्र एकूण परतफेड १२७ एककांवरून १५३ एककांवर जाते. बोलणे केवळ हप्त्यावर होत राहिले की हा फरक दिसत नाही. शिवाय जोडलेली सेवा एका वर्षात संपली, तरी तिच्यावरचे व्याज कर्ज फिटेपर्यंत चालूच राहते.

"सही केली म्हणजे चूक माझीच का?" असे आपण विचारले आहे. माझ्या मते नाही. गाडी ताब्यात घेण्याच्या तासाभरात, एकामागून एक पुढे सरकवलेल्या कागदांवर घेतलेली सही ही कराराची पूर्तता असू शकते, पण त्यातील प्रत्येक वस्तू ग्राहकाने समजून मागितली होती, याचा तो पुरावा होत नाही. त्या सहीचा आधार मी घेणार नाही. या सेवांवर शोरूमला कमिशन मिळते आणि प्रतिनिधीच्या मासिक उद्दिष्टातही त्या आजवर धरल्या जात होत्या, हेही येथे सांगायला हवे. ते उद्दिष्ट मी ठरवले होते, त्यामुळे दोष एकट्या प्रतिनिधीवर टाकणे न्याय्य ठरणार नाही. या महिन्यापासून ते बंद केले आहे.

आता परताव्याविषयी. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपल्यावरच लागू होणार असल्याने तिचा वापर झालेला नाही आणि तिची पूर्ण रक्कम परत मिळेल. मदतीची योजनाही आम्ही पूर्णपणे रद्द करत आहोत. कोटिंग गाडीवर लावलेले आहे व ते काढता येत नाही, परंतु त्यासाठी आपली वेगळी संमती घेतलेली नसल्यामुळे त्याचा खर्च शोरूम सोसेल. कर्ज सुरक्षा विमा मात्र आपल्या नावावर असल्याने तो रद्द करण्याचा अर्ज आपल्यालाच विमा कंपनीकडे लेखी द्यावा लागेल. कंपनीने काही रक्कम कापून घेतली, तर तेवढी आम्ही भरून देऊ. उशीर झाल्यास कपात वाढते, म्हणून हा अर्ज कृपया आधी द्यावा.

हे सर्व पैसे आपल्या हातात न येता कर्जखात्यात जमा होतील, कारण ते कर्जातूनच दिले गेले होते. येथे एक काळजी घ्यावी. जमा झालेली रक्कम कर्जसंस्थेने पुढील हप्त्यांची आगाऊ भरणा म्हणून न धरता मुद्दलातून वजा करावी, तिच्यावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लावू नये आणि उरलेल्या कर्जाची मुदत पुन्हा ६० महिन्यांची करून द्यावी, अशी लेखी मागणी आपण करावी व परतफेडीचे नवे वेळापत्रक मागून घ्यावे. त्या पत्राला आमचे पत्रही जोडले जाईल, ज्यात ही रक्कम रद्द झालेल्या विक्रीचा परतावा असल्याचे आम्ही नमूद करू.

एका मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. गाडीचा अपघात व चोरीचा विमाही काढून टाकावा, असे आपण लिहिले आहे. गाडी कर्जसंस्थेकडे तारण असेपर्यंत तो विमा ठेवण्याची अट मंजुरीपत्रात स्पष्टपणे आहे, आणि तो बंद केल्यास कराराचा भंग होईल. तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे आपण ठरवू शकता, आणि नूतनीकरणाच्या वेळी आमच्यामार्फत घेण्याचे कोणतेही बंधन नाही.

रद्द करण्याचे तिन्ही कागद आमच्या बाजूने सही करून तयार आहेत. आपण सांगाल त्या दिवशी मी स्वतः आपल्यासोबत बसून करारातील प्रत्येक रक्कम समजावून देईन, आणि कर्जखात्यात परताव्याची नोंद होऊन नवे वेळापत्रक आपल्या हाती पडेपर्यंत ही तक्रार आमच्या दप्तरी निकाली काढली जाणार नाही.

आपला विश्वासू,
शोरूमचे मालक