‘कडू, जुना माल, वर वेटरच्या चौकशा’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

शनिवारी आमच्या रेस्टॉरंटमध्ये जेवणानंतर ओढलेला सिगार तुम्हाला कडू लागला, तुमची संध्याकाळ बिघडली आणि तुमच्या मित्राला त्रास झाला, याबद्दल मनापासून माफी मागतो. ते आता बरे असतील अशी आशा आहे. दराबद्दल तुम्ही लिहिलंत ते तुमचं मत, त्यावर वाद नाही. आयात केलेल्या सिगारवर कर भरपूर लागतो, एवढंच सांगतो.

पण ‘जुना, खराब झालेला माल गळ्यात मारला’ हे वाक्य वाचून गप्प बसवत नाही. पणजीत पावसाळ्यात बाहेरच्या हवेत सिगार ठेवला तर चार दिवसांत त्याला बुरशी धरते. म्हणून आमचा ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायचं ओलावा राखणारं कपाट, वर्षभर ६८ टक्के आर्द्रता आणि २० अंशांच्या आसपास असतो आणि काटा रोज दोनदा पाहिला जातो. सिगार सुकलेला असेल तर रॅपर, म्हणजे बाहेरचं गुंडाळलेलं पान, तडकतं, तो भराभर जळतो, राख भुरभुर पडते. ओल धरलेला असेल तर ओढायला जड जातो, एका बाजूनेच जळतो, पुन्हा पुन्हा विझतो. रिव्ह्यूसोबतचा तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. जळती कड सगळीकडून सारखी आहे आणि राख जवळजवळ इंचभर सरळ उभी आहे. खराब सिगारची राख अशी टिकत नाही. शिवाय तुम्ही चौघांनी घेतलेले रोबुस्टो (आखूड, जाड सिगार) एकाच पेटीतले होते. तुमच्यापैकी ज्यांनी नुसता भाजलेला चणक मासा आणि पोई (गोव्याचा पाव) खाल्ली, त्यांनी आपला सिगार शेवटच्या दीड इंचापर्यंत आवडीने ओढला आणि जाताना तसं सांगितलंही. रिव्ह्यूमध्ये त्यांचा उल्लेख नाही.

मग तुम्हा दोघांना तोच सिगार कडू का लागला? जेवणाची शेवटची ऑर्डर ९:३२ची आहे: पोर्क विंदालू, चिकन शाकुती, कच्चा कांदा-लिंबू, दोन सोलकढ्या. सिगारची नोंद ९:५१ची. म्हणजे ताट उचलल्यावर दहा मिनिटंही झाली नव्हती. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि उष्णता या दोन्ही गोष्टी तोंडातल्या एकाच प्रकारच्या संवेदी टोकांना चेतवतात. एरवी ती टोकं साधारण ४३ अंशांच्या पुढे ‘भाजतंय’ म्हणतात. मिरची लागलेली असली की त्याहून कमी उष्णतेलाही तेच म्हणतात. म्हणून जो धूर एरवी कोमट लागतो तो चटका देतो. त्यात विंदालूतलं व्हिनेगर आणि लिंबू जिभेवर असतं, सोलकढीतल्या नारळाच्या दुधाची साय तोंडाला आतून चिकटलेली असते आणि धूर नाकातून सोडला की आधी कच्च्या कांद्याचा वास येतो. तंबाखूचा लाकडी, कोकोसारखा गोडवा यातून वर येतच नाही. खरं नुकसान त्यानंतर होतं. चव लागत नाही म्हणून माणूस जोरात आणि लवकर लवकर ओढतो. मिनिटाला एक झुरका पुरे असताना तीन-चार घेतले की टोक तापतं, तंबाखू होरपळतो आणि मग सिगार खरोखरच कडू होतो. तो कडूपणा तुमच्या कल्पनेतला नव्हता, हे मी मान्य करतो. पण तो पेटीतून आलेला नव्हता.

तुमच्या मित्राची गोष्ट वेगळी, आणि तिची मला जास्त काळजी वाटते. ते उशिरा आले, जेवले नाहीत, एक मोठा पेग फेणी आणि मूठभर शेंगदाणे एवढंच पोटात. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, पण तो अल्कधर्मी असल्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. झुरके जितके लवकर तितकं ते जास्त चढतं, आणि रिकाम्या पोटी, वर मद्य असताना, सोसत नाही. पाच इंची, ५० रिंग जाडीचा रोबुस्टो पाऊण तास ते तासभर चालायला हवा. तुम्हीच लिहिलंय की पंधरा मिनिटांत त्यांचा अर्धा झाला होता. त्यात तो निकाराग्वाचा, लिखेरो पान असलेला. हे झाडाच्या शेंड्याकडचं पान, सगळ्यात कडक. चक्कर, थंड घाम, मळमळ ही निकोटीन जास्त झाल्याचीच लक्षणं. आमच्या मुलांनी लगेच सिगार बाजूला ठेवायला लावला, त्यांना उघड्या हवेत नेलं, साखर घातलेलं लिंबूपाणी आणि बिस्किटं दिली. वीस मिनिटांत ते उठून बसले. ‘कोणी लक्ष दिलं नाही’ हे वाचून त्या मुलांना फार वाईट वाटलं.

आता ‘वेटरने काय जेवलात म्हणून उलटतपासणी केली’ याबद्दल. तो प्रश्न आमच्याकडे प्रत्येकाला विचारला जातो, कारण उत्तरावर सिगार ठरतो. झणझणीत जेवण झालं असेल तर आम्ही अर्धा कप साधं दूध देतो, पाणी नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन मिरचीचा तिखटपणा धरून नेतं, पाणी तो नुसता पसरवतं. मग पोईचा कोरडा तुकडा, नंतर साधं पाणी आणि अर्धा-पाऊण तास थांबणं. पुदिना, मसाला पान किंवा दात घासणं यांपैकी काहीही आधी नको. पुदिन्याच्या गारव्याखाली सगळं दबतं आणि टूथपेस्टच्या फेसाने गोडवा कमी होऊन कडूपणा वर येतो. पोट रिकामं असेल तर आधी काहीतरी खायला, आणि तरीही ओढायचाच असेल तर कनेक्टिकट नावाच्या फिकट रॅपरचा सौम्य, छोटा सिगार. भाजलेलं मांस, बटाटा, चीज, पाव असं जेवण झालेलं असेल तर कडक सिगारही छान लागतो. बेबिंका या थरांच्या गोवन मिठाईचा एक पातळ काप आणि बिनसाखरेची कॉफी यांच्यासोबत मादुरो, म्हणजे गडद रॅपरचा सिगार, आम्ही आवर्जून सुचवतो. मात्र बेबिंका दोन-तीन काप खाल्ली तर जीभ गोडाला सरावते आणि तोच मादुरो कडवट लागतो. वेटरने तुम्हाला थांबायला आणि सौम्य सिगार घ्यायला सुचवलं होतं. ‘आम्हाला शिकवू नका’ असं उत्तर त्याला मिळालं. तो वयाने लहान आहे, पण या कामात पक्का आहे.

तरीही तुमचं म्हणणं आम्ही घेतलं आहे. प्रश्न विचारण्याची पद्धत अधिक मऊ कशी करता येईल हे बघतो आहोत, आणि सिगारच्या कार्डावर जेवणाबद्दल दोन ओळी लवकरच टाकू.

पैसे परत देता येणार नाहीत, कारण मालात दोष नव्हता. पण पुन्हा आलात तर आठच्या सुमाराला जेवायला बसा, विंदालूही खा, आणि नऊनंतर स्मोकिंग रूममध्ये या. त्या वेळी तुमच्यासाठी एक सौम्य सिगार आमच्याकडून. तारे किती द्यायचे हा तुमचा अधिकार आहे. फक्त ‘जुना माल’ हे दोन शब्द काढता आले तर काढा, सर. त्या दोन शब्दांनी आमचं गिऱ्हाईक तुटतं.

आपला,
मालक