फाटकावर उभं राहायचं, तर सांगायचं काय?

मंडळाच्या पोरांनी रेल्वे फाटकावर जनजागृती करायची ठरवलीय, एवढ्यावरून काल कट्टा तापला.

मिलिंदचा बेत तयार होता. "जूनमध्ये लेव्हल क्रॉसिंग, म्हणजे रेल्वे फाटक, त्याच्या जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. फलक धरू, पत्रकं वाटू, गुलाबाचं फूल देऊ."

"जूनमध्ये उसाच्या ट्रॉल्या असतात का रे?" सदूकाकांनी तिथेच अडवलं. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. "आपल्या फाटकावर खरी कोंडी दिवाळीनंतर, गाळप सुरू झालं की. हिशेब कर. डबल लाइन, या दांड्यापासून त्या दांड्यापर्यंत 15 मीटर धर. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून आणखी 15. भरलेला ट्रॅक्टर ताशी 5 किलोमीटरने चढला, तर शेवटचं चाक बाहेर पडायला 21-22 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात 110 च्या वेगातली गाडी साडेसहाशे मीटर कापते."

"पण फाटक बंद झाल्याशिवाय गाडी येतच नाही ना?" शशी.

"इंटरलॉक, म्हणजे सिग्नलशी जोडलेलं फाटक असेल तर बरोबर. दांडा खाली येऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. आणि सिग्नल दिला की फाटक अडकलं, गाडी गेल्याशिवाय उघडत नाही. लोक गेटमनला शिव्या देतात, 'गाडी दिसत नाही, उघड की!' त्याच्या हातात असतं काय? पोरांनी पहिली गोष्ट ही सांगायची. इंटरलॉक नसलेल्या फाटकावर तर तो स्टेशन मास्तरशी फोनवर खाजगी नंबर, म्हणजे खात्रीसाठीचा गुप्त आकडा, घेऊन-देऊन बांधलेला असतो."

संतोषला हे पटेना. "मोटारसायकलवाल्याला इंटरलॉकिंगचं काय? तो खालून वाकून जाणारच. अपघाताचे फोटो दाखवा, घाबरतील."

इथे मी संतोषच्या विरुद्ध होतो, अजूनही आहे. फोटो बघून माणूस मान फिरवतो आणि उद्या पुन्हा वाकतो. तो मरायला वाकत नाही, त्याचा अंदाज चुकतो. समोरून येणारी मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं डोळ्याला वाटतं. दुसरी चूक डबल लाइनची. एक गाडी धडधडत गेली की लोक निघतात, आणि तिच्या आवाजाआड उलट्या दिशेची गाडी लपलेली असते. पहिली जाऊनही दांडा खालीच असेल, तर दुसरी येतेय असंच समजायचं. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

वाद खरा पेटला तो रांगेवरून. फाटक पडलं की आपल्याकडे दोन्ही बाजूंची वाहनं रस्ताभर पसरतात, उजवी बाजूसुद्धा भरून टाकतात. दांडा उठला की दोन्ही झुंडी समोरासमोर, आणि मधे रूळ. रिक्षा मागे सरकेना, टेम्पो वळेना. गेटमनला फाटक पाडता येत नाही, सिग्नल लालच राहतो, गाडी बाहेर उभी. आणि मग सगळे विचारतात, फाटक एवढा वेळ बंद का?

"म्हणजे पोरांनी ट्रॅफिक हवालदार व्हायचं?" मिलिंद वैतागला.

"रांग लावायला सांगायची, कुणाला धरायचं नाही," काका म्हणाले. "दोन्ही बाजूंना दोन-दोन जण, चमकत्या जाकिटात, दांड्यापासून दहा पावलं अलीकडे, डाव्या कडेला. फाटकाच्या आत पाऊल नाही, दांड्याला हात नाही. पलीकडे जागा मोकळी दिसल्याशिवाय रुळावर चढू नका, हे प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं. ट्रॉलीवर वर बसलेल्यांना खाली उतरवायचं, वर 25 हजार व्होल्टची तार आहे. तिला हात लागावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी झटका बसतो."

शशीने अमेरिकेतलं ऑपरेशन लाइफसेव्हर काढलं, फाटकावरच्या सुरक्षेची मोहीम. 1972 मध्ये आयडाहोत सुरू झालं. तिथे स्वयंसेवकाला आधी शिकवतात, मगच लोकांपुढे उभं करतात. फाटकावर निळी पाटी, तिच्यावर फोन नंबर आणि त्या फाटकाचा क्रमांक. वाहन अडकलं की उतरून रुळापासून लांब व्हायचं आणि त्या नंबरवर फोन करायचा.

"आपल्याकडे ब्रॉडगेजवर 2019 च्या जानेवारीअखेर बिनगेटमनचं एकही फाटक उरलं नाही," काका म्हणाले. "म्हणजे गेटमन असतोच. अडकलास तर वाहनातून सगळी माणसं खाली, आणि एकाने गेटमनकडे धावायचं. ट्रॅक्टर ढकलत बसायचं नाही. गेटमन स्टेशनला कळवतो, लाल झेंडी घेऊन रुळावर फटाके लावायला पळतो, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे: एक 600 मीटरवर, तीन 1200 मीटरवर, दहा-दहा मीटरच्या अंतराने. माणूस एकटा, दिशा दोन."

"मग दुसरीकडे आपण जायचं," संतोष लगेच म्हणाला.

"रुळांमधून नाही! खडीच्या बाहेरून, कडेने. गाडी दिसली की दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे, नाहीतर हातात असेल ते जोरजोरात हलवायचं. रात्री पांढरी बॅटरी आडवी, जोरात. ड्रायव्हरला हा थांबण्याचा इशारा कळतो."

मिलिंदने मान डोलावली, पण गुलाबाची फुलं सोडायला तयार नव्हता. शेवटी ठरलं ते असं: जूनमध्ये शाळेत एक तास, तोही हातांचे इशारे करून घेत. फाटकावर मात्र कारखान्याचा भोंगा वाजल्यापासून, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठ. जाकिटं आठ लागतील, बॅटऱ्या चार. परवानगीसाठी स्टेशन मास्तर आणि आरपीएफकडे (रेल्वे सुरक्षा दल) सोमवारी काका आणि शशी जाणार आहेत.