खुलासा: पूर्ण विषय अवतरणचिन्हांत टाकून 'रिसर्च गॅप' सापडत नाही

पबमेड (वैद्यकीय शोधनिबंध शोधण्याचं संकेतस्थळ) आणि 'रिसर्च गॅप' (अजून संशोधन न झालेला भाग) यांबद्दल संशोधक विद्यार्थ्यांच्या गटांत एक मेसेज फिरतोय: 'पबमेडमध्ये प्रबंधाचा पूर्ण विषय अवतरणचिन्हांत टाका, नेमके तेवढेच निबंध मिळतात. चार-पाचच निघाले, तर रिसर्च गॅप सापडली!'

हे बरोबर नाही. पबमेड अवतरणचिन्हांतला शब्दसमूह स्वतःच्या सूचीत शोधतं. दहा शब्दांचं शीर्षक तिथे सहसा नसतं. मग तशी सूचना दाखवून पबमेड चिन्हं बाजूला ठेवतं आणि साधा शोध घेतं. ती सूचना सहसा कुणी वाचत नाही.

छोट्या शब्दसमूहाला चिन्हं लावली, तर समानार्थी संज्ञा जोडणं थांबतं. स्वतः पडताळा: 'हार्ट अटॅक' चिन्हांशिवाय शोधा आणि अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये शोधाचे तपशील उघडा. 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' ही मेश संज्ञा (निबंधांना विषयवार लावलेली ठरावीक संज्ञा) आपोआप आलेली दिसेल. चिन्हं लावली की ती गायब, आणि फक्त तीच संज्ञा वापरणारे निबंधही हातचे जातात. कमी निकालांचं कारण बहुतेकदा हे असतं.

विषयाचे दोन-तीन मुख्य घटक पाडा. एकाच घटकाचे समानार्थी शब्द 'ऑर'ने जोडून कंसात ठेवा, मग घटक 'अँड'ने जोडा. कंस विसरू नका, पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. गूगल स्कॉलरवर पडताळणार असाल, तर तिथे कुठल्याही शोधाचे पहिले १,००० निकालच बघता येतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याखाली हा खुलासा टाका.