‘हायलाइट्स बघून लिहिलंय’ म्हणणाऱ्यांना उत्तर (ल्युटन टाऊनवर पुन्हा एकदा)

इंग्लंडच्या ल्युटन टाऊन या फुटबॉल क्लबच्या 2023-24 च्या प्रीमियर लीग (तिथली सगळ्यात वरची डिव्हिजन) सीझनवर मागे जो लेख लिहिला त्याखाली एक कमेंट आलीय. नाव दिलेलं नाही, प्रोफाइलला आर्सेनल या लंडनच्या बड्या क्लबचा लोगो आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा मुख्य भाग आहे तसा देतो: "85 गोल खाणाऱ्या टीमचं कौतुक कसलं करताय? पैसे खर्च करायला घाबरले, मॅन टू मॅन खेळून समोरच्याला रान मोकळं दिलं, पुढच्याच वर्षी चॅम्पियनशिपमधूनपण खाली गेले. हायलाइट्स बघून लेख लिहिलाय हे शेंबड्या पोरालाही कळेल. 90 मिनिटं बसून बघितलं असतं तर समजलं असतं की ल्युटन त्या लीगच्या लायकीचं कधी नव्हतंच." (चॅम्पियनशिप म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची दुसरी डिव्हिजन, आणि मॅन टू मॅन म्हणजे प्रत्येकानं समोरचा एकेक प्लेअर धरून खेळायचं.)

पहिली गोष्ट, साहेब, टीका करा. इथं टीका करणाऱ्याला मी कधी ब्लॉक केलेलं नाही, जुन्या पोस्टखाली जाऊन बघा, लोक माझ्याशी कडाकडा भांडलेत आणि मी प्रत्येकाला उत्तर दिलंय. पण शेंबडं पोर वगैरे भाषा कशासाठी? आपली ओळख नाही, आपण कधी बोललेलो नाही, मी तुमच्या आर्सेनलला एका शब्दानं नावं ठेवलेली नाहीत, उलट त्या लेखात तुमच्या मिडफिल्डर डेक्लन राईसचं कौतुकच आहे. मतभेद असेल तर आकडे घेऊन या, मॅच घेऊन या, समोर बसून बोलू. समोरच्याला अडाणी ठरवून सुरुवात केली की पुढचा मुद्दा खरा असला तरी ऐकायची इच्छा राहत नाही, आणि इथं तर तो खराही नाहीये.

आता ते हायलाइट्सचं. मी कोल्हापूरचा आहे. शाहू स्टेडियमवर मामाचा हात धरून मॅच बघायला जायचो तेव्हा मला ऑफसाइड कळत नव्हता पण कुठल्या पेठेची टीम कुणाला भिडणार हे पाठ होतं. आमच्या पेठेच्या ज्युनियर टीममधून लेफ्ट बॅक खेळलोय, मोठा प्लेअर झालो नाही, पण समोरचा विंगर वेगानं अंगावर येतो तेव्हा पोटात काय होतं ते मला माहितीय, ते कुठल्या हायलाइट्समध्ये दाखवत नाहीत. पुढं कंपनीनं प्रोजेक्टवर इंग्लंडला पाठवलं तेव्हा मी ल्युटनलाच राहायला होतो, बरी पार्कमध्ये. केनिलवर्थ रोडचं स्टेडियम त्याच वस्तीत आहे. ऑफिसातली बाकीची पोरं वीकेंडला ट्रेन पकडून लंडनला एमिरेट्स नाहीतर स्टॅमफर्ड ब्रिज (आर्सेनल आणि चेल्सीची मैदानं) बघायला, फोटो काढायला जायची. मी चालत ल्युटनच्या मॅचला जायचो. तेव्हा ते लीग टूमध्ये होते, म्हणजे चौथ्या डिव्हिजनमध्ये. 2017 च्या प्लेऑफ (वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीच्या शेवटच्या मॅचेस) सेमीफायनलला ब्लॅकपूलविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये आमच्याच गोलकीपरच्या अंगाला लागून बॉल आत गेला आणि सीझन संपला, तेव्हा मी तिथं होतो. त्याच ऑगस्टमध्ये नवीन सीझनच्या पहिल्याच दिवशी येओव्हिलला 8-2 नं हाणलं, जेम्स कॉलिन्सनं डेब्यूला हॅटट्रिक मारली, तेव्हाही तिथंच होतो. हे सगळं कुठल्या हायलाइट्समध्ये बघितलं मी? चौथ्या डिव्हिजनची मॅच आपल्याकडं त्या वेळी टीव्हीवर दाखवतं तरी कोण?

आणि त्या मैदानाबद्दल जे लिहिलं होतं त्यालाही तुम्ही "भावनिक" म्हणून उडवून लावलंय. ओक रोडच्या बाजूला पाहुण्या टीमच्या प्रेक्षकांचं गेट आहे ते चाळीसारख्या एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीत आहे, दोन घरांच्या मधून आत शिरायचं आणि लोखंडी जिन्यावरून वर चढताना खाली लोकांची परसं दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. जेमतेम अकरा-बारा हजार माणसं मावतात. प्रीमियर लीगच्या नियमात बसवायला बॉबर्स स्टँड पाडून नवा बांधावा लागला, त्यावर एक कोटी पाऊंडच्या घरात खर्च गेला, तरीही तो वेळेत झाला नाही म्हणून बर्नलीविरुद्धची घरची पहिली मॅच पुढं ढकलली. मी हे गंमत म्हणून लिहिलं नव्हतं. प्रेक्षक टचलाइनच्या इतके जवळ बसतात की थ्रो-इन घेणाऱ्याला मागून शिव्या ऐकू येतात. दोन-दोन लाख पाऊंड आठवड्याला घेणारी माणसं तिथं गडबडलेली मी स्क्रीनवर बघितलीत, आणि का गडबडली ते मला कळत होतं कारण त्या जागेचा आवाज माझ्या कानात आहे.

आता 'लायकी'. याचं उत्तर मी सविस्तर देणार आहे कारण तुमच्या कमेंटमधलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलंय.

त्या सीझनचे पहिले आठ कोण होते? मँचेस्टर सिटी, आर्सेनल, लिव्हरपूल, ॲस्टन व्हिला, टॉटनहॅम, चेल्सी, न्यूकॅसल, मँचेस्टर युनायटेड. हे आठही जण केनिलवर्थ रोडला येऊन लीगची मॅच खेळून गेले. आठांपैकी एकालाही तिथं एकपेक्षा जास्त गोलच्या फरकानं जिंकता आलं नाही. परत वाचा पाहिजे तर. सिटी 2-1, आर्सेनल 4-3, व्हिला 3-2, टॉटनहॅम 1-0, चेल्सी 3-2, युनायटेड 2-1. लिव्हरपूल 1-1. आणि न्यूकॅसल तर हरून गेलं, अँड्रोस टाउनसेंडचा हेडर, 1-0.

लिव्हरपूलची मॅच 5 नोव्हेंबरची. 80 व्या मिनिटाला आमच्या ताहित चाँगनं गोल मारला, तो लिव्हरपूलच्याच कॉर्नरवरून पलटून केलेल्या काउंटरवर आला होता, आणि मग 95 व्या मिनिटाला लुईस डियाझ. त्याच्या वडिलांचं कोलंबियात अपहरण झालेलं होतं त्या दिवसांत, गोल मारून त्यानं जर्सी वर करून आतल्या टी-शर्टवरचा संदेश दाखवला. आमचे दोन पॉइंट गेले तरी त्या माणसावर मला राग काढता आला नाही.

महिन्याभरात तुमचं आर्सेनल आलं. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली, घरात सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून बघत होतो. मार्टिनेल्लीनं पहिला मारला, आमच्या ओशोनं कॉर्नरवरून डोक्यानं परत केला, जीझसनं हाफटाइमच्या तोंडावर परत पुढं नेलं, मग अदेबायो, मग बार्कली, आणि आम्ही 3-2 नं पुढं! हॅवर्ट्झनं तीनच मिनिटांत बरोबरी केली, आणि 97 व्या मिनिटाला राईसचा हेडर. तुम्ही त्या रात्री नाचला असाल, तो तुमचा हक्क आहे. पण मला एक सांगा, जी टीम लायकीचीच नव्हती तिला हरवायला तुम्हाला 97 वं मिनिट का लागलं? त्या गोलनंतर आर्सेनलचे प्लेअर लीग जिंकल्यासारखे पळत सुटले होते, ते काय उगाच?

त्यानंतर पाचच दिवसांत सिटी. आदल्या सीझनला तिहेरी किताब (लीग, एफए कप, चॅम्पियन्स लीग) घेऊन बसलेली टीम, हाफटाइमला 1-0 नं मागे.

आणि मग 16 डिसेंबर, बोर्नमथ. 1-1 चालू असताना कॅप्टन टॉम लॉकयर मैदानात कोसळला, त्याचं हृदय थांबलं होतं. मे महिन्यात वेम्बलीला प्लेऑफ फायनलमध्येही तोच माणूस कोसळला होता, त्या दिवशी टीमनं कॉव्हेंट्रीला पेनल्टीवर 6-5 हरवून प्रमोशन घेतलं होतं. बोर्नमथला कोच रॉब एडवर्ड्स टचलाइन सोडून धावत आत गेला. मॅच तिथंच थांबवली. लॉकयर वाचला, पण त्या सीझनला परत खेळला नाही. कॅप्टन, सेंटर बॅक, ज्यानं एव्हर्टनला जाऊन पहिल्या विजयात पहिला गोल मारला तो माणूस गेला टीममधून. बरोबर एका आठवड्यानं हीच पोरं न्यूकॅसलसमोर उतरली आणि जिंकली. ही मॅच मी पूर्ण बघितलीय, शेवटच्या पंधरा मिनिटांत त्यांच्या पायात त्राण नव्हतं तरी अंगावर बॉल घेत होते. आणि तुम्ही मला 90 मिनिटं बसून बघायला सांगताय.

बरं, तुमचं एक म्हणणं मान्य करतो, मी आडमुठा नाही. खालच्या टीमविरुद्ध घरी खेळ वाईट होता. शेफिल्ड युनायटेडसारख्या तळाला असलेल्या टीमकडून 1-3, ब्रेंटफर्डकडून 1-5, शेवटच्या दिवशी फुलहॅमकडून 2-4. ब्रेंटफर्डची मॅच तर बघवत नव्हती. ठीक आहे. पण तोपर्यंत लॉकयर नव्हता, मिडफिल्डर नकाम्बा कित्येक महिने बाहेर होता, अदेबायो जानेवारीच्या शेवटी ब्राइटनला हॅटट्रिक मारून 4-0 जिंकवून देतो आणि थोड्याच दिवसांत हॅमस्ट्रिंग धरून बसतो. बेंचवर तुमच्यासारखी शंभर-शंभर मिलियनची माणसं बसलेली नव्हती.

85 गोल, हो, खाल्ले. 52 मारलेपण, ते का नाही लिहिलं? कार्ल्टन मॉरिसनं 11 मारले, अदेबायोनं 10. त्याच सीझनला शेफिल्डनं 104 खाल्ले आणि 16 पॉइंटवर राहिले, बर्नली 24 वर, आम्ही 26. आमच्या एक जागा वर, वाचलेलं नॉटिंगहॅम फॉरेस्ट 4 पॉइंट कापले जाऊनही 32 वर होतं. सहा पॉइंट कमी पडले. प्रमोट झालेले तिन्ही त्या वर्षी खाली गेले, पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच, साउथॅम्प्टन हे तिघेही गेले, म्हणजे हा प्रश्न एकट्या ल्युटनचा नाहीये हे तरी दिसतंय का? मॅन टू मॅनवर मी वेगळं लिहीन, आत्ता त्यात पडत नाही. चॅम्पियनशिपमधून खाली गेले तो 2024-25 चा सीझन, त्याचा माझ्या लेखाशी काही संबंध नाही, लेखाच्या पहिल्या ओळीत कुठलं साल लिहिलंय ते बघा.

पैसे खर्च करायला घाबरले म्हणता. हे वाचून मला खरंच संताप आला, कारण हे लिहिणाऱ्याला क्लबचा इतिहास माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचीही इच्छा नाही. 2008-09 ला या क्लबचे 30 पॉइंट कापले होते. तीस! जुन्या मालकांच्या काळातल्या भानगडी आणि दिवाळखोरीचे नियम यापायी, आणि शिक्षा भोगली ती नव्या मालकांनी आणि प्रेक्षकांनी. तो सीझन संपला आणि क्लब फुटबॉल लीगमधूनच बाहेर फेकला गेला, पाच वर्षं कॉन्फरन्समध्ये (फुटबॉल लीगच्या खालची, पाचवी डिव्हिजन) काढली, दोन प्लेऑफ फायनल हरले, 2014 ला एकदाचे वर आले. तिथून नऊ वर्षांत प्रीमियर लीग. पेली-रडक म्पांझू कॉन्फरन्समध्ये होता तेव्हापासूनचा, एकाच क्लबबरोबर नॉन-लीगपासून प्रीमियर लीगपर्यंत खेळलेला तो पहिला माणूस. ज्या क्लबला चाहत्यांनी उभं राहून दिवाळखोरीतून ओढून बाहेर काढलं तो क्लब एका सीझनसाठी घरदार गहाण टाकत नाही. तुम्हाला ते भित्रेपण वाटत असेल तर वाटू दे. मी त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोललोय, पॉइंट कापले त्या वर्षीही सीझन तिकीट काढणारी माणसं आहेत ती. त्यांच्यासमोर उभं राहून हे वाक्य बोलून दाखवा.

पुढं तुम्ही आणखी एक ओळ टाकलीय, "परदेशी क्लबसाठी रडणारे कोल्हापूरकर". ते मी सोडून देतोय, कारण तुमच्या प्रोफाइलवरचा लोगो काय सांगली-मिरजेचा नाही.

कमेंट डिलीट करणार नाही, राहू दे तिथं. परत लिहायचं असेल तर एक मॅच निवडा आणि त्यावर बोला. बोर्नमथची पुन्हा घेतलेली मॅच घ्या, 13 मार्चची, हाफटाइमला 3-0 पुढं असताना 4-3 नं हरलो ती. सेकंड हाफला एडवर्ड्सनं काय करायला हवं होतं यावर माझंही म्हणणं आहे आणि तुमचं ऐकायलाही तयार आहे. फक्त भाषा नीट ठेवा.