डॉट इन? छे, आपल्याला परदेशच हवा!

दुकानाची वेबसाइट काढायचं ठरलं असेल तर पहिली खबरदारी ही घ्या: चुकूनसुद्धा डॉट इन, म्हणजे भारताची शेपटी लावलेला वेबपत्ता, घेऊ नका. 2005 पासून ते जगात कुणालाही मिळतं, तेही किरकोळ पैशांत. अशा वस्तूला सोयऱ्याधायऱ्यांत काय किंमत? डॉट भारतचं तर नावच काढू नका. 2014 पासून पत्ता देवनागरीत घेता येतो, म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाला तो वाचता येईल. हीच तर पंचाईत!

घ्यायचं ते परदेशी. मराठवाड्याची त्यासाठी जन्मजात पात्रता आहे. वेबपत्त्याच्या शेवटी देशाची दोन इंग्रजी अक्षरं असतात, आणि आपल्या गावांची इंग्रजी स्पेलिंगं नेमकी त्यांवरच संपतात: हिंगोलीच्या शेपटाला लिख्टेनस्टाइन, किनवटच्या शेपटाला ऑस्ट्रिया, उदगीरच्या शेपटाला चक्क इराण. 1948 मध्ये निजाम गेला म्हणून काय झालं, परक्या दौलतीत नांदायला आपण कायम तयार.

त्यातही नशीब काढलं ते अंबाजोगाईने. शेवटची दोन अक्षरं ए-आय! ती अँग्विलाची. हे कॅरिबियन समुद्रातलं, ब्रिटनच्या अखत्यारीतलं बेट. वस्ती सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे अंबाजोगाईच्या पावपटही नाही. या बेटाने 2023 साली नुसती ही शेपटी विकून सुमारे 3.2 कोटी डॉलर कमावले, सरकारी उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. त्यांच्या तिजोरीत तुमच्या भुसार दुकानाचाही खारीचा वाटा पडू द्या. किमान दोन वर्षांचे पैसे एकदम मोजावे लागतात, पण हौसेला मोल नसतं. शेजारचा विचारील, "हे ए-आय काय असतंय?" बेधडक सांगा, "आता तूरडाळ आपोआप निवडली जाती."

काही देश मात्र फारच कोते. कॅनडा म्हणतो, आमच्याशी काही नातं दाखवा: नागरिकत्व, कंपनी, निदान तिथला नोंदलेला ट्रेडमार्क. नॉर्वेला तिथला नोंदणी क्रमांक लागतो. तलाठ्याचा रहिवासी दाखला तिथे चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घाबरू नका, टोरांटोत एखादा पुतण्या असतोच. त्याच्या नावावर घ्या, ईमेलही त्याचाच द्या.

अटी वाचत बसू नका. वाचल्या की झोप उडते. लिबियाने 2010 मध्ये एका अमेरिकन बाईचा पत्ता काढून घेतला. मजकूर तिथल्या धर्मकायद्यात बसत नव्हता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या हजारो लोकांचे डॉट ईयू पत्ते 2021 च्या सुरुवातीला बंद पडले. माणसं घरातच बसली होती, देश तेवढा हलला. आणि उमरगेकरांनो, तुमच्या शेपटाला गॅबॉन आहे. तिथे नावं फुकट वाटली जायची. 2023 मध्ये गॅबॉनने कारभार परत हातात घेतला आणि लाखो नावं एका फटक्यात गेली. फुकटचं गेलं, रडायचं कशाला? हां, त्या पत्त्याचा फ्लेक्स चौकात लावला असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणूनच सगळं आधी छापून घ्या. पावती पुस्तकं, कापडी पिशव्या, दिवाळीच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात. नूतनीकरणाची आठवण टोरांटोला जाणार, पुतण्याच्या जुन्या ईमेलवर, जो तो आता उघडत नाही. फोन करावा तर त्याच्या वडिलांशी तुमचा बांधावरून दावा चालू. तारीख जवळ आली की दोन फूट बांध सोडून द्या, काय करता!