खुलासा : जुन्या 'सिंगल-सिक्स' रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या भरू नका

'रुगर कंपनीच्या कुठल्याही सिंगल-सिक्समध्ये सहाही गोळ्या भरून ठेवल्या तरी चालतं,' असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि जीवघेणा. अमेरिकेत १९५३ साली बाजारात आलेल्या या रिव्हॉल्व्हरच्या जुन्या मॉडेलचा घोडा (मागचा हातोडीसारखा भाग) खाली असला की त्याचा दाब फायरिंग पिनवर, म्हणजे गोळीवर आघात करणाऱ्या खिळ्यावर, आणि तिथून थेट गोळीवर येतो. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून घोड्यावर आपटलं की गोळी सुटलीच! म्हणून पाचच भरायच्या. घोड्याखालचं घर रिकामं हवं. १९७३पासूनच्या 'न्यू मॉडेल'मध्ये ट्रान्सफर बार, म्हणजे घोड्याचा मार फायरिंग पिनपर्यंत पोचवणारा पट्टीसारखा भाग, आहे. ट्रिगर दाबल्याशिवाय तो वर येत नाही, त्यामुळे सहा चालतात. ओळखायचं कसं? जुन्याच्या फ्रेमवर बाजूला तीन स्क्रू दिसतात, नव्यावर दोन पिना. जुन्यात सुरक्षित भाग कंपनी फुकट बसवून देते, मूळ भागही परत करते.