माकडहाडवाले कोण?

पडलो कसा, यात सांगण्यासारखं काही नाही. जिन्याची शेवटची पायरी संपली असं मला वाटलं. ती संपली नव्हती. पुढचे तीन दिवस उभ्याने जेवलो, उभ्याने पेपर वाचला आणि चौथ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं. आपल्याकडे दुखण्याला जेवढी क्रियापदं आहेत तेवढी सुखालाही नाहीत, आणि मी त्यातलं एकही वाया घालवलं नाही. "डॉक्टर, माकडहाड दुखतंय. बसलं की ठणकतं. उठताना अशी कळ जाते की काजवे चमकतात. रात्रभर ठसठसतं, आणि मध्येच शिणक भरते." डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला, दुखऱ्या जागी बोट दाबलं, मी ओरडलो, हाड मोडलेलं नाही म्हणाले आणि कागदावर एकच शब्द लिहिला. चार मिनिटं. 700 रुपये.

बाहेर येऊन शब्द वाचला. कॉक्सिडिनिया. पोटात गोळाच आला. 'निया'वर संपणारं काही चांगलं मी आजवर ऐकलेलं नाही. न्यूमोनिया, हर्निया, इन्सोम्निया. बायकोला कसं सांगायचं, विम्याचा हप्ता भरलाय का, असले विचार चालू होते, तेवढ्यात काउंटरवरची मुलगी माझं सर्टिफिकेट हवेत हलवत खणखणीत आवाजात म्हणाली, "माकडहाडवाले आजोबा कोण?"

पंधरा-वीस माना वळल्या. माझं वय एक्कावन्न आहे. माकडहाडाचं मी एक वेळ सोडून देईन, 'आजोबा'चं नाही. आणि माझं दुखणं मी आत मराठीत नेलं, डॉक्टरांनी ते ग्रीक करून बाहेर पाठवलं, आणि या मुलीने क्षणात परत मराठीत आणलं, तर मधले 700 रुपये नेमके कशाचे, हेही मला अजून कळलेलं नाही.

"बघू, काय लिहिलंय?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला. सत्तरीच्या एक बाई. गुडघ्याला पट्टा, मांडीवर कापडी पिशवी, आणि कागद मागायला पुढे केलेला हात असा, की न दिल्यास पालकांना बोलवून आणायला सांगतील. मी कागद दिला.

"उभे का?"

"बसता येत नाही."

"मग उभेच राहा. विग्रह करा."

"कशाचा?"

"शब्दाचा! सामासिक शब्द आहे हा." छत्तीस वर्षं संस्कृत आणि मराठी शिकवलं होतं त्यांनी, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. "कॉक्सिक्स अधिक ओडिनी. ओडिनी म्हणजे वेदना. कॉक्सिक्स म्हणजे कोकिळा."

"कोकिळा?"

"ग्रीकांना ते हाड कोकिळेच्या चोचीसारखं दिसलं. कोक्किक्स, कोकिल, ऐका ना, एकाच कुहूवरून दोन्ही नावं. तेव्हा तुम्हाला काय झालंय?"

"कोकिळेला वेदना?"

"माकडहाड दुखतंय तुमचं," बाई म्हणाल्या.

म्हणजे मी आत गेल्या गेल्या जे पहिलं वाक्य बोललो, तेच. ठणका गेला, कळ गेली, ठसठस गेली, शिणक गेली; चारही मिळून एक 'डिनिया'. गंमत म्हणजे ग्रीकांकडे दुखण्याला आणखी एक प्रत्यय आहे, 'आल्जिया'. मायाल्जिया म्हणजे स्नायू दुखणं, न्यूराल्जिया म्हणजे नस दुखणं. दोन प्रत्ययांत सगळं जग कण्हतं.

समोर मानेला पट्टा बांधलेले एक गृहस्थ बसले होते. आपलाही नंबर लागावा म्हणून ते आपणहून म्हणाले, "मला स्पाँडिलायटिस आहे. अकरा वर्षं."

"फाइल," बाई म्हणाल्या. फाइल आली. चष्मा कपाळावरून खाली आला. "यात स्पाँडिलोसिस लिहिलंय."

"एकच ते."

"एकच कसं? 'आयटिस' म्हणजे दाह. सूज, आग, लाली. 'ओसिस' म्हणजे नुसती अवस्था. तुमचे मणके वयाने झिजलेत, भाऊ. पेटलेले नाहीत."

त्या गृहस्थांचा चेहरा मला विसरता येत नाही. अकरा वर्षं त्यांनी लग्नांत, बारशांत, दहाव्याला सगळ्यांना स्पाँडिलायटिस सांगितला असणार. त्यावर उचलायची सुटकेस दुसऱ्याला दिली असणार. आणि आज चारचौघांत कुणीतरी सांगतंय की तुम्ही पेटलेले नाही, झिजलेले आहात. "डॉक्टर स्वतः आयटिस म्हणतात," ते पुटपुटले. बाईंनी लाल पेनाने मारावी तशी हवेत फुली मारली.

मग वर्गच भरला. पित्ताच्या खड्यांची सोनोग्राफी घेऊन एक मुलगा बसला होता, त्याला कोलेसिस्टेक्टमी आली. "कोले म्हणजे पित्त. छोले नव्हेत, हसू नकोस. सिस्ट म्हणजे पिशवी. 'एक्' म्हणजे बाहेर, टमी म्हणजे कापणं. पित्ताची पिशवी कापून बाहेर. 'ऑटमी' असेल तर नुसतं कापून बघतात, 'ऑस्टमी' असेल तर तोंड पाडून ठेवतात. एका अक्षराचा फरक, पण सही करण्याआधी वाचावा." मुलाने सोनोग्राफी घट्ट धरली. एका काकूंनी विचारलं, की माझ्या रिपोर्टात एकदा रीनल लिहिलंय आणि एकदा नेफ्रो, मग किडनीच्या डॉक्टरांचा गोंधळ आहे का? "नाही हो. रीनल लॅटिन, नेफ्रो ग्रीक. अवयव धडधाकट असताना बहुतेक लॅटिन नाव, आजारी पडला की ग्रीक. लग्नानंतर माझंसुद्धा पहिलं नाव बदललं होतं. मी आहे तीच आहे."

मी उभाच होतो. उभ्या विद्यार्थ्याला प्रश्न जास्त येतात, हा नियम चाळीस वर्षांत बदललेला नाही. "तू सांग," बाई आता थेट 'तू'वर आल्या होत्या, "मसल म्हणजे काय?"

"स्नायू."

"मूळ अर्थ! मुस्क्युलस. छोटा उंदीर. मूषक आठव. दंड वळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून."

आता हे मला पटेना. आमच्या लहानपणी दंड वळवून 'बेडकुळी' काढून दाखवायचे. तिथे बेडूक असतो, उंदीर नव्हे. मी तसं म्हणालोही. बाई क्षणभर थांबल्या आणि पिशवीतून एक फुलस्केप वही काढून त्यात त्यांनी 'बेडकुळी' लिहून घेतलं. सगळ्या सकाळीत मला मिळालेला तो एकमेव मान. लॅटिनांनी जिथे उंदीर पाहिला तिथे आपण बेडूक पाहिला, ग्रीकांनी जिथे कोकिळा पाहिली तिथे आपण माकड पाहिलं. माझ्यापुरतं सांगतो, कोकिळा चालली असती. ती हाक कोकिळावाले म्हणून आली असती तर मी खुशीने हात वर केला असता.

औषधाच्या चिठ्ठीवर टीडीएस होतं. पगारदार माणसाला टीडीएसचा एकच अर्थ माहीत असतो. "तेर दिए," बाई म्हणाल्या, "दिवसातून तीनदा. लॅटिन आहे. बीडी म्हणजे दोनदा. द्विस्, दिन. ओळखीचंच आहे सगळं, फक्त परक्याच्या घरात वाढलंय." वेदनाशामक गोळीपुढे एसओएस होतं. गरज पडली तर घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षी दाढ दुखत असताना हेच एसओएस मी बुडत्या जहाजाचं समजलो होतो आणि जहाज अजून बुडालेलं नाही असं स्वतःला समजावत दोन रात्री गोळी न घेता काढल्या होत्या. दोन रात्री! चिठ्ठी लिहिणाऱ्याला 'लागली तर घ्या' म्हणायला किती वेळ लागतो?

आईचं तोंड वाकडं झालं होतं तेव्हाचं आठवलं. एका बाजूचा डोळा मिटेना, चहा ओघळायचा. आत्या म्हणाली, वारं लागलं. हॉस्पिटलच्या कार्डावर आलं, इडिओपॅथिक. आम्ही भावंडांनी त्या शब्दापुढे दोन दिवस आवाज चढवला नाही. नंतर कळलं, त्याचा अर्थ 'कारण माहीत नाही'. आत्यालाही माहीत नव्हतं, पण तिने निदान वाऱ्याचं नाव तरी घेतलं.

"तुम्ही हे सगळं शिकलात कुठे?" मी बाईंना विचारलं.

"यांच्या आजारपणात. सहा वर्षं. विचारलं की डॉक्टर म्हणायचे, तुम्हाला नाही कळणार आजी. म्हटलं, अष्टाध्यायी कळली, हे का नाही कळणार?" त्यांनी वही चाळली. "यांच्या शेवटच्या कार्डावर एक शब्द होता. आयाट्रोजेनिक. मला तीन महिन्यांनी सुटला. आयाट्रोस म्हणजे वैद्य. जेन म्हणजे जन्. जन्मणे."

विग्रह कुणीच केला नाही. पट्टेवाल्या गृहस्थांनी मान वळवण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग काउंटरवरून "गुडघेवाल्या आजी!" अशी हाक आली. बाई उठल्या, जाता जाता माझी सोसायटी विचारली, "अगो बाई, तुमच्या मिसेस आमच्या योगवर्गाला येतात की," म्हणाल्या आणि आत गेल्या. चार मिनिटांत बाहेर येतील असं मला वाटलं. वीस मिनिटं झाली तरी आल्या नाहीत. आतून त्यांचाच आवाज येत होता.

घरी बायकोने विचारलं, काय म्हणाले. मी हळू आवाजात म्हणालो, "कॉक्सिडिनिया." ती एकदम गप्प झाली. चहा हातात आला. टायरसारखी गोल, मध्ये भोक असलेली उशी आली. ऑफिसात सर्टिफिकेट पाठवलं तर साहेबांनी स्वतः फोन करून "काळजी घ्या, काही लागलं तर सांगा" म्हटलं. माकडहाडाला हे कुणी म्हटलं नसतं. दोन दिवस मला कुणी दळण सांगितलं नाही, गॅसचा नंबर लावायला सांगितला नाही. कसल्याही आजाराचं नाव ग्रीकमध्येच असावं, या मताला मी हळूहळू येत होतो.

काल सकाळी बायको योगवर्गाहून आली. चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेली, बाहेर येऊन भाजीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"कॉक्सिक्स अधिक ओडिनी," ती म्हणाली. "उठा. कोथिंबीर ताजी बघून घ्या."